बिल भरण्याआधी

घरातले माणूस आयसीयूत असते तेव्हा पैसे उभे करण्याची घाई होते आणि हीच घाई पुढे महागात पडते. रुग्णालयाच्या बिलाबाबत महाराष्ट्रात जे काही भक्कम आधार आहेत, ते दाखल होण्यापासून सुट्टी मिळेपर्यंतच्या काळातले आहेत. दागिने गहाण टाकून किंवा व्याजाने पैसे काढून बिल एकदा भरले, की मागे उरते ते निव्वळ कर्ज. ते आजारपणासाठी काढले की लग्नासाठी, हे मग कोणी विचारत नाही.

पहिली चौकशी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट आता राहिलेली नाही. मात्र रुग्णालय योजनेत असावे लागते आणि उपचार यादीतला असावा लागतो. तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच गाठावे, किंवा 155388 या क्रमांकावर विचारावे. योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून पैसे भरून नंतर ते परत मागायची सोय तिच्यात नाही.

दुसरी वाट फार कमी लोकांना ठाऊक असते. चकचकीत काचांची कितीतरी मोठी रुग्णालये प्रत्यक्षात धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 कक नुसार त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. शिवाय एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन ठरतो, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकातला. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज द्यायचा. ‘खाटा शिल्लक नाहीत’ हे उत्तर बहुधा तोंडी मिळते. ते लेखी मागावे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करावी. अत्यवस्थ रुग्णाला अनामत रकमेसाठी ताटकळत ठेवणेही धर्मादाय रुग्णालयांसाठीच्या या योजनेला धरून नाही.

बिल थकले म्हणून रुग्णाला डांबून ठेवता येत नाही. मृतदेह अडवता येत नाही, हे 2021 मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत स्पष्ट आहे. दरपत्रक दर्शनी भागात लावणेही याच नियमांनी बंधनकारक केले. रुग्णालयाला पैसे हवे असतील तर त्याने दिवाणी दावा लावावा.

आणि दावा लागून हुकूमनामा झाला, तरी सगळे जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 यासाठी वाचण्यासारखे आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे, शेतकऱ्याचे राहते घर, भविष्य निर्वाह निधी, आणि धार्मिक रूढीनुसार बाईने अंगावरून उतरवायचा नसतो असा दागिना, म्हणजे मंगळसूत्र, यांना हात लावता येत नाही. पगारातले पहिले 1 हजार आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. पगार 24 हजार असेल तर जप्ती येते ती फार तर 7,667 रुपयांवर, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण 24 महिन्यांपुरती.

नादारीचा अर्ज मात्र सामान्य माणसाला फारसा उपयोगी पडत नाही, आणि ही मला या साऱ्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग अजून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांनाच लागू झाला आहे. बाकीच्यांसाठी मुंबईत 1909 चा आणि इतरत्र 1920 चा इंग्रज अमदानीतला कायदाच चालतो. नव्या संहितेत गरिबांसाठी कर्जमुक्तीची वेगळी तरतूद लिहिलेली आहे, पण ती 35 हजारांपर्यंतच्या कर्जापुरती, तीही लागू झालेली नाही. आयसीयूचे चार दिवस ही मर्यादा सहज ओलांडतात.

राहिला सावकार. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने चक्रवाढ व्याज बंद केले आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायला मनाई केली. परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे. आजारपणाच्या कर्जापायी जमीन खरेदीखताने सावकाराच्या नावावर गेली असेल, तर व्यवहाराला 15 वर्षे पूर्ण व्हायच्या आत सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. चौकशीत तो व्यवहार सावकारीचा ठरला, तर ते खरेदीखत रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात.