थरांखालचा रंग

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतील एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक तैलचित्र सदुसष्ट कोटी रुपयांहून अधिक किमतीस विकले गेले, आणि चित्रकलेविषयी एरवी मौन पाळणाऱ्या आपल्या सुशिक्षित वर्गात चार दिवस त्याची चर्चा झाली. चर्चेचा सूर एकच होता : ज्यात माणूस नाही, झाड नाही, देवही नाही, अशा रंगविलेल्या कापडात एवढे आहे तरी काय?

किमतीचे कोडे अर्थशास्त्राच्या अध्यापकास फारसे अवघड नाही. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. २००१ साली त्यांचे निधन झाले आणि पुरवठा कायमचा थांबला. धनिक संग्राहकांची ऐपत मात्र वाढतच गेली. एवढ्याने आकड्याचा उलगडा होतो, चित्राचा होत नाही.

१९२४ साली नागपुरात गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या आणि १९४८ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतलेल्या या चित्रकाराने प्रारंभी मानवाकृतीही रंगविल्या. पुढे आकृती सुटली, मग कुंचलाही बराचसा सुटला. रूळ आणि रंगाची सुरी ही त्यांची साधने झाली. तैलरंगाचा थर द्यावयाचा, त्यावर दुसरा चढवावयाचा, आणि वरचा काही भाग खरवडून वा कागदाच्या कपट्याने टिपून खालचा उघडा करावयाचा. तैलरंग सावकाश वाळतो. तेव्हा थांबणे हादेखील या कामाचाच भाग होय. प्रकाश वरून पडलेला नसून आतून झिरपतो आहे, असे जे या चित्रांपुढे वाटते, त्याचे कारण या थरांत आहे. ‘अमूर्त’ हे विशेषण गायतोंड्यांना रुचत नसे. आपली चित्रकला वस्तुनिरपेक्ष आहे, असे ते म्हणत.

मग भावना कोठे आहे? ती झाकलेले आणि उघडे ठेवलेले यांच्या नात्यात आहे. आमच्या पनवेलच्या जुन्या घरांतील भिंतींवर चुन्याचे हात वर्षानुवर्षे चढत. कोठे पोपडा उडाला की खालची निळसर छटा डोकावे, आणि ती पाहून घरच्या वडीलधाऱ्यांना काहीतरी वाटे, ज्याला नाव देता येत नसे. भिंतीवर हे पावसाळ्याने घडविलेले असते. चित्रकार मात्र काय झाकावे, किती झाकावे हे स्वतः ठरवितो, आणि त्या निवडीतच त्याचे मन प्रकट होते. लाल म्हणजे क्रोध, निळा म्हणजे शांती, ही शालेय कोष्टके येथे निरुपयोगी ठरतात. लालावरून पातळ करडा फिरला की क्रोध उरत नाही. तो आवरल्याची जाणीव उरते.

जे. जे.तच शिकलेले आणि पुढे तेथेच शिकविणारे प्रभाकर कोलते यांची रीत पाहावी. तळाशी नाना रंगांची गर्दी, वर एकाच रंगाचा व्यापक विस्तार, आणि मध्येच ठेवलेल्या लहान खिडक्यांतून दिसणारा खालचा गलबला. गायतोंड्यांपुढे मन निवते. कोलत्यांपुढे ते कुतूहलाने पुढे वाकते. साधन तेच, थराचे, परिणाम निराळा.

छापील प्रतिकृतीत किंवा मोबाइलच्या पडद्यावर यांतले काहीच पोचत नाही, कारण तेथे सारे थर एका पातळीवर येतात. चित्रे लिलावातून खासगी दिवाणखान्यांत जात आहेत, ही चिंता म्हणूनच केवळ भावनिक नव्हे. तरीही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असलेल्या जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहात गायतोंडे आहेत, कोलतेही आहेत. ही चित्रे प्रदर्शनांतून वेळोवेळी मांडली जातात. पनवेलहून हार्बरची लोकल दीड तासाच्या आत बोरीबंदरला पोचते. महाविद्यालयांच्या सहली वॉटरपार्ककडे वळतात, त्यांपैकी एखादी तिकडे वळविण्यास फार मोठा खर्च येणार नाही. मार्गदर्शकाची घाई तेवढी नको. एका चित्रापुढे दहा मिनिटे उभे राहिल्याखेरीज खालचा रंग वर येत नाही.