हिवतापाच्या गोळ्या आणि रक्तातील विकर

माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, असे आम्ही शेतकरी बंधूंना नेहमी सांगतो. औषधाचेही तसेच आहे.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत माणगावजवळच्या एका घरी गेलो होतो. घरच्या मुलाला हिवताप झालेला. ताप उतरला, गोळ्या चालू होत्या. पण तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसू लागले. आजीने कावीळ समजून झाडपाल्यासाठी माणूस धाडला होता. मी गोळ्यांचे पाकीट मागून घेतले आणि मुलाला तसेच डॉक्टरांकडे नेले. गोळ्या थांबल्या, मुलगा सावरला. तेव्हा आई म्हणाली, "भाऊ, माझ्या भावालाही लहानपणी असंच झालं होतं!"

हे का होते? हिवतापाचा परोपजीवी डासामार्फत रक्तात येतो, हे रोनाल्ड रॉस यांच्या 1897 मधील सिकंदराबादच्या शोधावरून कळले. त्यातील व्हायव्हॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून राहतात व ताप पुन्हा उलटतो. त्यांच्यासाठी 14 दिवस प्रायमाक्विन देतात. तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते पेशींचे रक्षण करते. ज्यांच्यात ते कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटतात. याचा उलगडा 1956 मध्ये अमेरिकेत झाला. 1960 च्या सुमारास मुंबईच्या संशोधकांनाही ही कमतरता आढळली, विशेषतः पारशी समाजात.

हा दोष आईकडून मुलाकडे येतो व पुरुषांत जास्त दिसतो. म्हणून मामा, मावसभाऊ यांची चौकशी करावी. विकराची पातळी रक्ततपासणीत कळते. मात्र पेशी फुटून गेल्यावर लगेच तपासल्यास नव्या पेशींमुळे पातळी खऱ्यापेक्षा चांगली दिसू शकते. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

पुस्तकात 'बीन्स खाऊ नका' असे वाचून कोणी वाल सोडू नये. ते पथ्य बाकल्याचे आहे. आपला कडवा वाल निराळे पीक आहे.

भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा :

- ताप आला की आधी रक्त तपासून घ्या.
- घरात पूर्वी असे घडले असल्यास डॉक्टरांना सांगा.
- गरोदर बाई व तान्ह्या मुलाला प्रायमाक्विन देऊ नये.
- लघवी काळपट झाली की गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि भिऊन गोळ्या अर्धवट सोडू नका. बहुतेकांना त्या सोसतात. कमतरता सौम्य असल्यास डॉक्टर देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, अशा 8 आठवडे गोळ्या देऊ शकतात. 14 दिवसांचा क्रम मोडला तर ऐन लावणीत ताप पुन्हा उंबऱ्याशी येतो.