एका जोडाची बचत

संत तुकाराम नगरच्या मेट्रो फलाटाखालून जुना मुंबई-पुणे रस्ता धावतो आणि रस्त्याच्या पलीकडून पिंपरी-कासारवाडीचा लोहमार्ग जातो. खंडाळा-पुणे रेल्वे 1858 ची, मेट्रोचा हा टप्पा 6 मार्च 2022 चा. रेल्वेचे रूळ खडीवर आणि एकमेकांपासून 1676 मिलिमीटरवर. मेट्रोचे काँक्रीटवर, 1435 वर. दुखणं मात्र दोघांचं एकच: पोलादाच्या आत वाढणारा, वरून न दिसणारा तडा.

सलग जोडलेल्या रुळाला आखडायला वाव नसतो. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळात तापमान एक अंश उतरलं की सुमारे 1.9 टन ओढ चढते. रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसवले, त्याच्या 25 अंश खाली पहाट गेली तर ही ओढ साडेसत्तेचाळीस टनांची होते. म्हणून तडे थंडीत उघडतात, आणि रोज चालत रूळ तपासणाऱ्या कीमनची सकाळची फेरी हिवाळ्यात जास्त मोलाची ठरते.

पण कीमनला दिसतो तो तुटलेला रूळ. त्याआधीचा तडा शोधायला ढकलगाडीवरून रुळात ध्वनिलहरी सोडतात. माथ्यात आडवा वाढणारा तडा सरळ खाली गेलेल्या लहरीला सापडत नाही, तिच्यासमोर त्याची नुसती धार येते. त्यासाठी 70 अंशांत तिरकी लहर लागते. दोष गंभीर निघाला की लाल रंगाची खूण, गाड्यांना ताशी 30 किलोमीटरची मर्यादा आणि तीन दिवसांत रूळ बदलायचा, अशी रेल्वेची जुनी शिस्त आहे. तोवर दोषाच्या जागी आधाराची पट्टी, म्हणजे जॉगल्ड फिशप्लेट, शिकंज्यांनी आवळून ठेवतात.

बदलायचा म्हणजे काय? दोषाची जागा कापून किमान चार मीटरचा तुकडा घालायचा आणि दोन्ही टोकं थर्मिटने जोडायची. हान्स गोल्डश्मिटने 1895 मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती: ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोहऑक्साइड पेटवलं की अडीच हजार अंशांच्या आसपासचं पोलाद साच्यात उतरतं, हलकी मळी वर तरंगते. 1899 मध्ये एसेनच्या ट्रामचे रूळ असेच जोडले गेले. पण हे ओतकाम आहे आणि रूळ लाटलेला असतो. पुढे तडा गेलाच तर बहुधा जोडात जातो. म्हणजे एका दोषापोटी आपण संशयाच्या दोन नव्या जागा तयार करतो. मला तरी हा व्यवहार नेहमीच महागाचा वाटला आहे.

खरी नवी वाट इथे निघाली. नेहमीच्या जोडात दोन टोकांत 25 मिलिमीटरची फट असते. ती 75 ची ठेवली तर बिघडलेला जुना जोड कापून त्याच जागी एकच नवा ओतता येतो. तुकडा नको, दुसरा जोड नको. युरोप-अमेरिकेत तर त्याही पुढे जाऊन फक्त माथ्यातला खराब भाग काढून तेवढाच भरतात. खालचा उभा भाग आणि तळ अखंड राहतात, त्यामुळे रुळाचा ताण पुन्हा जुळवत बसावं लागत नाही.

चार मीटरचा तुकडा 240 किलोचा. खडीवरच्या मार्गात तो शेजारी आणून ठेवता येतो. उन्नत मार्गावर तो चढवायचा, तोही शेवटची गाडी गेल्यावर पहाटेच्या पहिल्या गाडीआधी, तारेतली वीज बंद करून. छोट्या दुरुस्तीची गरज असेल तर ती अशा ठिकाणी, असं माझं मत.

मोठ्या फटीचा जोड फुकटात मिळत नाही. धातू जास्त, निवायला वेळ जास्त, साचा तिरका बसला किंवा टोकं पुरेशी तापली नाहीत तर फसगतही मोठी. म्हणून शिक्षण आणि तपासणी दोन्ही हवी. पुण्यात कोरेगाव पार्कमधल्या ‘इरिसेन’मध्ये, म्हणजे 1959 मध्ये सुरू झालेल्या रेल्वेच्या स्थापत्य प्रशिक्षण संस्थेत, देशभरचे अभियंते रुळांचं शास्त्र शिकायला येतात. प्रत्यक्ष ओतणाऱ्या वेल्डरला वेगळं प्रमाणपत्र लागतं. जोड घासून सपाट केल्यावर त्यातून पुन्हा ध्वनिलहरी सोडतात, आणि शेजारी रुळावर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवतात: महिना, वर्ष, वेल्डरचा क्रमांक. जोड पुढे फुटला तर तो कोणी केला, हे तिथेच वाचता येतं.