शिट्टी दहाच्या आत

मामीचा फोन तक्रारीचा नव्हता, नुसता सांगण्याचा होता. "तीन रात्री कुकर दहाच्या आत लावायचा म्हणे. शिट्टी नको. सांगून गेलेत."

कोण सांगून गेलं?

"शूटिंगवाले." मग जरा थांबून, "परमिशन आहे त्यांच्याकडे."

मी कामानिमित्त इंदुरात होतो, तिथून धार साठेक किलोमीटर. शूटिंग बघायची मला हौस नाही. पण आवाज करण्याची परवानगी मी गणपतीपासून वरातीपर्यंत पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. दुसऱ्याच्या कुकरची शिट्टी थांबवण्याची परवानगी कुठल्या कागदावर मिळते, ते बघायचं होतं. शिवाय धार माझं आजोळ. पवारांच्या या गावात मराठी घरं अजून आहेत, आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म इथल्या किल्ल्यातला, हे सांगितल्याशिवाय मामा पाहुण्याला चहा देत नाही.

मामाच्या गल्लीत एका वेबसीरिजचं युनिट उतरलं होतं. त्यांचे कागद फिरवणारा माणूस गावातलाच, पन्नाशीचा, मराठी. सगळे त्याला काका म्हणत. काखेत प्लास्टिकची फाइल. "पुण्या-मुंबईची पोरं येतात आणि 'ना हरकत' मागतात. इथे अनापत्ति म्हणायचं. शब्द बरोबर असला तर बाबू मान वर करतो." फाइलमध्ये प्रशासनाची, पोलिसांची, पालिकेची आणि वाड्याच्या मालकाची, अशी सगळ्यांची अनापत्ति होती. राज्याने २०२० मध्ये फिल्म पर्यटनाचं धोरण आणलं, अर्जाला एक खिडकी केली. पुढे ६८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपटांना सर्वाधिक अनुकूल राज्य म्हणून मध्य प्रदेशाचं नाव लागलं. "खिडकी एकच आहे," काका म्हणाला, "पण खिडकीच्या आत माणसं आहेत ना."

मी शिट्टीचं विचारलं. त्याने फाइल उघडली नाही. "पंचेचाळीस," तो म्हणाला. "रात्री पंचेचाळीसच्या वर जायचं नाही. आम्ही जात नाही."

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. खुल्या जागेत तेव्हा लाउडस्पीकर नाही. त्याआधीचा राज्याचा स्वतःचा कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ चा. कायद्याच्या नावात 'कोलाहल' असा शब्द घालणाऱ्या माणसाला कान होता, असं मला उगाच वाटतं.

साडेदहाला, काम सुरू व्हायच्या आत, मी मोबाइलवरचं मीटर लावून ओट्यावर बसलो. मोबाइल म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, आणि नियमातला आकडा हा वेळेची सरासरी धरून काढलेला असतो, हे मान्य. तरी सांगतो. एक पंखा, रातकिडे, कुणाच्या तरी टाकीत पडणारं पाणी: ४७. म्हणजे गल्ली झोपेतसुद्धा पंचेचाळीसच्या वर होती.

जनरेटरची गाडी गल्लीबाहेर, वळणाच्या पलीकडे उभी होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'सायलेंट'. या पेटीबंद डिझेल जनरेटरला एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत सूट आहे, म्हणजे सायलेंट हे नाव लाडाचं. गाडीवाल्याला मी विचारलं, पंचेचाळीस कसं जमवता? त्याने जमिनीवरून वळत गेलेल्या जाड केबलकडे बोट केलं. "शंभर फूट. डेसिबल-बिसिबल साउंडवाल्यांना विचारा. मी शंभर फूट लांब लावतो." नंतर कागदावर मांडून पाहिलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पंचाहत्तरवरून तीस उतरायला ३२ मीटर लागतात. म्हणजे शंभर फूट आणि वर पाचेक. गल्लीच्या भिंती आवाज परत फेकतात, तेव्हा हिशेब इतका सरळ नाही. पण त्याने कुठलाही नियम न वाचता तो जवळपास गाठला होता.

जनरेटर लांब ठेवण्याचा लिहिलेला नियम आहे तो मांडवगडावर. तिथल्या वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. संरक्षित स्मारकात चित्रीकरण करायचं तर १९५९ च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो, आणि त्यात एक अट आहे की जनरेटर स्मारकापासून आणि त्याच्या बागेपासून दूर ठेवायचा. तेल, ग्रीस, पाणी दगडाला लावायचं नाही. आलेल्या माणसांची वाट अडवायची नाही. ही शेवटची अट मला फार आवडली. जहाज महालात फिरणाऱ्या पाहुण्याला कायद्याने जे मिळतं, ते मामाच्या गल्लीत राहणाऱ्याला मिळत नाही.

कारण गल्ली अडवायला एक पोरगा ठेवलेला होता. एकोणीस-वीसचा, याच मोहल्ल्यातला. कमरेला वॉकीटॉकी, डोक्याला उलटी टोपी. आतून "रोल साउंड" आलं की याने दोन्ही हात पसरायचे, आणि गल्ली थांबायची. तोंडाने काही बोलायचं नाही, कारण त्याचाच आवाज जाईल. मी त्या रात्री कॅमेरा जवळजवळ पाहिलाच नाही, यालाच पाहत बसलो. कोणत्या घरची मोटर आपोआप सुरू होते, कोणाच्या स्कूटरचा सायलेन्सर फुटलाय, कोणतं कुत्रं बिस्किटाने गप्प होतं आणि कोणतं होत नाही, हे सगळं त्याला पाठ होतं. नाइट ड्यूटीवरून आलेला एक माणूस डबा हातात धरून सहा मिनिटं उभा राहिला. स्वतःच्या दारापासून वीस पावलांवर. पोराने हात जोडले. त्यानेही मान हलवली, पण हसला नाही.

एवढी शांतता पूर्वी लागत नसे. गुलजारांचा 'किनारा' १९७७ चा, मांडवगडावर झालेला. त्या काळचे ॲरी कॅमेरे स्वतःच शिवणयंत्रासारखे वाजत, म्हणून संवाद नंतर मुंबईत डब होत. शेजारी शेळी ओरडली तरी ओरडू दे. २००१ च्या 'लगान'ने जागेवरच आवाज घेण्याची पद्धत मोठ्या हिंदी सिनेमात आणली, आणि तेव्हापासून शेळीसुद्धा युनिटच्या हिशेबात आली. कलेच्या दृष्टीने ते चांगलंच झालं, नटाचा श्वास ऐकू येतो. त्या रात्री तो श्वास मीही हेडफोनवर ऐकला. जिन्यावर थांबलेल्या बाईच्या तोंडी चार शब्द होते. त्या चार शब्दांना दोन तास लागले. मला तरी पहिला टेक सगळ्यात बरा वाटला.

चहाच्या सुट्टीत मी काकाला पुन्हा गाठलं. फाइल या खेपेला त्यानेच उघडून दाखवली. वाहनं किती, माणसं किती, जनरेटर कुठे, काम किती वाजेपर्यंत, सगळं होतं. युनिटने किती आवाज करायचा हेही होतं. लोकांनी किती गप्प बसायचं, हे कुठेच नव्हतं.

"ते कसं लिहिणार?" काका म्हणाला. "ते सांगावं लागतं. लोक ऐकतात. आपलेच आहेत."

आणि कोणी नाहीच ऐकलं तर?

"आमचा आवाज पंचेचाळीसच्या आत आहे," तो म्हणाला.

कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याला संध्याकाळी सातलाच पट्टा उतरवायला लावला होता, कारण सातला तालीम होती. सणाचे दिवस, दळणाचे डबे पायरीवर रांगेने तसेच. त्याला काही पैसे दिले का, म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, फोटो काढून दिला हिरॉइनबरोबर. मग सांगू लागला की चक्कीच्या आवाजाबद्दल शेजाऱ्याने मागे एकदा अर्ज केला होता, तेव्हा मशीनखाली रबर घालायला लावलं. नियमाप्रमाणे मर्यादेच्या दहा डेसिबल वर गेलं की कोणीही तक्रार करू शकतो. शांततेचा त्रास झाला तर कोणत्या रकान्यात लिहायचं, ते त्याने मला विचारलं, पण हसत.

तीन वाजता आवाजवाल्याने 'रूम टोन' मागितला. म्हणजे सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं आणि नुसत्या जागेचा आवाज अर्धा मिनिट भरून घ्यायचा. पुढे संवादांच्या फटी बुजवायला लागतो. पन्नास माणसं खांबासारखी. ओट्यावर मी, खिडकीत मामी, गल्लीच्या तोंडाशी हात पसरून तो पोरगा. टाकीत पाणी पडत होतं. ते त्यांनी ठेवलं.

मीटर बघितलं नाही. पंचेचाळीसच असणार.

सहाला मी उठलो तेव्हा युनिट निघून गेलं होतं, केबलची एक ओली रेघ तेवढी राहिली होती. सव्वासहाला कचरागाडी आली, नेहमीचं गाणं लावून. मीटर ८० ला जाऊन थरथरू लागलं. मामी डबा घेऊन धावली. शेजारच्या ओट्यावर उलटी टोपी डोळ्यांवर ओढून तो पोरगा झोपला होता, वॉकीटॉकी छातीवर. गाडी त्याच्या डोक्याशी थांबली, वाजली, पुढे गेली. त्याने कूस बदलली.

मामीने कुकर चढवला.