कुत्र्याच्या गळ्यांतला बिल्ला

कुत्र्यांच्या बंदोबस्तावरून मुंबईंत एकदां चक्क दंगल झाली होती, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. साल १८३२. मोकाट कुत्रीं मारण्याची मुदत सरकारनें वाढविली. दर कुत्र्यामागें आठ आणे इनाम होतें. इनामाच्या लोभानें पाळलेलीं कुत्रींही ओढून नेलीं जातात, अशी ओरड झाली. पारशी समाजांत प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पडावी असा ‘सगदीद’ विधि आहे. त्यांच्या भावना दुखावल्या. ६ जून रोजीं कोटांत शिपायांवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद पडलीं, त्यांत इतर जातिधर्मांचे लोकही सामील झाले, आणि अखेर लष्कर बोलवावें लागलें. कुत्रें मालकाचें कीं बेवारशी, हा भेदच आठ आण्यांपायीं पुसला गेला, हें या प्रकरणाचें मर्म आम्हांस वाटतें.

परवाना हा भेद राखण्यासाठींच असतो. शिवाय मुंबई महानगरपालिका परवाना देतांना रेबीजची लस टोंचल्याचा दाखला मागते, आणि आमच्या मतें परवान्याहून या दाखल्याचेंच मोल अधिक. तरी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही ‘आमचा मोती कोणास चावत नाहीं’ एवढ्यावर भागविलें जातें! मोती चावत नसेल. पण गल्लींतलें पिसाळलेलें कुत्रें मोतीस चावलें तर?

त्या गल्लींतल्या कुत्र्याचा परवाना कोण काढणार? त्याच्यासाठीं २००१ च्या व पुढें २०२३ च्या केंद्रीय नियमांनीं निराळी वाट घालून दिली आहे: धरावें, निर्बीज करावें, लस टोंचावी आणि मूळ जागीं सोडावें. शाळा, रुग्णालयें, रेल्वेस्थानकें अशा ठिकाणांहून उचललेलीं कुत्रीं मात्र तेथें परत सोडूं नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें दिला. वस्तींतील शेंकडा ७० कुत्र्यांस लस मिळाली म्हणजे रोगाचा फैलाव खुंटतो, असें तज्ज्ञ सांगतात. नुसतीं मारून हें साधत नाहीं. एक आळी रिकामी झाली कीं शेजारचीं तेथें येतात.

रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. म्हणून मूल खेळतांना चावा घेतला गेला, तर रागावण्याच्या भीतीनें तें लपवून ठेवणार नाहीं, इतका विश्वास त्यास घरांत वाटला पाहिजे. जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी, तींत हळद, चुना वा तिखट भरूं नये, आणि लसीसाठीं त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.