नाटककाराचे नाणे आणि रायगडचा किनारा

नाणे पाडण्याचा अधिकार हे सार्वभौम सत्तेचे लक्षण मानले जाते आणि आजच्या रायगड जिल्ह्याने हा अधिकार जवळून पाहिलेला आहे. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे धारण करणारा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई स्वराज्याची ग्वाही देऊ लागली. पुढे किनाऱ्यावर आंग्र्यांच्या अमलात चांदीचा अलिबागी रुपया चालला. राजसत्तेच्या काळात नाण्यावर मान होता तो राज्यकर्त्याचा. प्रजासत्ताकात तोच मान लेखणी चालवणाऱ्यालाही मिळू शकतो, हे स्मारक नाण्याचे खरे महत्त्व होय.

एखादी व्यक्ती, संस्था किंवा घटना यांच्या स्मरणार्थ काढलेले नाणे म्हणजे स्मारक नाणे. स्वतंत्र भारतात ही प्रथा १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या नाण्यांपासून सुरू झाली. नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा असून रिझर्व्ह बँक ती केवळ चलनात आणते. त्यांतील काही नाणी रोजच्या व्यवहारासाठी असतात, तर काही संग्राहकांसाठी असून ती टांकसाळीकडे मागणी नोंदवून विकत घ्यावी लागतात.

रवींद्रनाथ टागोरांच्या १५०व्या जयंतीनिमित्त २०११ मध्ये दोन्ही प्रकारची नाणी निघाली. व्यवहारासाठी ५ रुपयांचे नाणे होते आणि संग्राहकांसाठी १५० रुपयांचे, ४४ मिलिमीटर व्यासाचे व ३५ ग्रॅम वजनाचे, ज्याच्या मिश्रधातूत निम्मी चांदी, ४० टक्के तांबे आणि उरलेल्या भागात निकेल व जस्त समप्रमाणात आहे. भारतीय नाणे कोणत्या टांकसाळीचे, हे सामान्यतः वर्षाच्या आकड्याखालील बारीक खुणेवरून ओळखता येते: चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, आणि खूणच नसेल तर नाणे कोलकात्याचे.

ब्रिटनच्या टांकसाळीने २०१६ मध्ये शेक्सपिअरच्या ४००व्या स्मृतिवर्षानिमित्त २ पौंडांची तीन नाणी काढताना नाटककाराच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या नाटकांनाच स्थान दिले. सुखान्तिकांसाठी विदूषकाची टोपी, ऐतिहासिक नाटकांसाठी मुकुट व खंजीर आणि शोकान्तिकांसाठी कवटी व गुलाब अशी चिन्हे त्यांवर योजली. भारतीय नाण्यावर मात्र रवींद्रनाथांची मुद्रा आहे, आणि ती पाहणाऱ्याच्या मनात बहुधा कवी उभा राहतो. ‘विसर्जन’, ‘राजा’, ‘डाकघर’ आणि ‘रक्तकरबी’ लिहिणारा नाटककार मागेच राहतो.

या नाटककाराचे पश्चिम किनाऱ्याशी जुने नाते आहे. भारतीय सनदी सेवेतील पहिले भारतीय अधिकारी असलेले त्यांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश असताना, १८८३ मध्ये बावीस वर्षांच्या रवींद्रनाथांनी तेथे ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. संसाराकडे पाठ फिरवणाऱ्या संन्याशाला एका अनाथ मुलीची माया पुन्हा माणसांकडे खेचते, हे त्याचे सूत्र. सान्तातच अनंताचा शोध घेण्याचा जो ध्यास त्यांच्या पुढील साहित्यात दिसतो, त्याचे बीज या नाटकात आहे, असे त्यांनी स्वतःच आत्मकथनात नोंदवले आहे.

रायगडशी असलेला धागा वेगळा आहे. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव झाला, त्या चळवळीचे पडसाद बंगालपर्यंत पोहोचले आणि बंगालीत लिहिणारे मराठी लेखक सखाराम गणेश देऊस्कर यांच्या आग्रहावरून रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. गडावरून निघालेले स्मरण अशा रीतीने बंगाली काव्यात रुजले.

चांदीचे नाणे संग्राहकाच्या पेटीत सुरक्षित राहते. नाटक मात्र प्रयोगानेच जगते. ‘डाकघर’ १९१३ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये झाले आणि १९४२ मध्ये वॉर्सातील ज्यू वस्तीत यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनीही ते सादर केले. अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन येथील शाळांनी व हौशी नाट्यमंडळांनी हीच संहिता मराठीतून रंगमंचावर आणली, तर शासनाने धातूत केलेल्या सन्मानाला लोकांचीही संमती लाभेल, आणि नाटककाराला तीच अधिक मोलाची असते.