व्हिडिओ तुमचाच, तरी विकिपीडियाला एमपी४ का चालत नाही?

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाताना खाडीचा व्हिडिओ काढला नाही, असा पर्यटक विरळाच. समजा, तुमचा असा एक व्हिडिओ मराठी विकिपीडियावर दाभोळच्या लेखात लावायचा आहे. विकिपीडियाचे बहुतेक फोटो-व्हिडिओ विकिमीडिया कॉमन्सवर ठेवले जातात. तिथे फाइल टाकायला गेलात की नकार येतो. कारण? फाइल एमपी४ आहे.

हे समजायला फेरीबोटच घेऊ. बोटीत गाड्या, माणसं, सामान एकत्र पलीकडे जातं. एमपी४, एमकेव्ही, वेबएम या अशाच बोटी. त्यांना कंटेनर म्हणतात. आत चित्र, आवाज, सबटायटल्स वेगवेगळे बसलेले असतात. कोडेकचं काम निराळं: चित्र किंवा आवाज कमी जागेत बसेल असा दाबून बांधायचा आणि बघताना पुन्हा सोडायचा. एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे व्हिडिओचे कोडेक. मित्राच्या नव्या फोनवरचा व्हिडिओ जुन्या लॅपटॉपवर नुसता ऐकू येतो, दिसत नाही, तेव्हा बहुधा चित्राचा कोडेक त्या लॅपटॉपला सोडवता येत नसतो. म्हणूनच फाइलच्या नावात 'एमपी४'च्या जागी 'वेबएम' लिहून काही होत नाही. बोटीवरची पाटी बदलते, माल तोच.

एमपी४मध्ये सहसा एच.२६४ किंवा एचईव्हीसी असतो आणि दोन्हींना पेटंट लागू आहेत. इथे अनेकांची गल्लत होते. एच.२६४ व्हिडिओ बनवणारा एक्स२६४ हा प्रोग्राम ओपन सोर्स आहे, पण प्रोग्रामचा कोड खुला झाला म्हणून पद्धतीवरचं पेटंट सुटत नाही. एमपी४ स्वीकारावं का, हे विकिमीडियाने २०१४ मध्ये आपल्या स्वयंसेवकांनाच विचारलं होतं. कौल विरोधात गेला.

रॉयल्टी न मागणारे पर्याय आहेत. गूगलचा व्हीपी९ २०१३चा. एव्ही१ २०१८ मध्ये आला. त्यामागे गूगलसोबत मोझिला, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्टही आहेत. यूट्यूबवर हे दोन्ही तुम्ही नकळत रोज बघता.

तर, कॉम्प्युटरवर हँडब्रेक हा मोफत, ओपन सोर्स प्रोग्राम घ्या. फॉरमॅट वेबएम, व्हिडिओ व्हीपी९, आवाज ओपस निवडा आणि सुरू करा. जुन्या मशीनवर बराच वेळ लागतो, चहा होईल. मूळ फाइल मात्र पुसू नका, कारण पुन्हा दाबताना थोडा तपशील जातो आणि तो परत मिळत नाही. बोटीवर कुणाच्या मोबाइलवर सिनेमाचं गाणं वाजत असेल, तर तेवढा आवाजही काढून टाका. त्याचे हक्क तुमचे नाहीत आणि कॉमन्स त्यासाठीही व्हिडिओ काढून टाकतं.